चावीकाकांच्या वहीतल्या फुल्या

चावीकाकांनी आयुष्यात काही हजार घरं भाड्याने लावून दिली आणि अडुसष्टाव्या वर्षी त्यांना स्वतःसाठी एक मिळेना. हे ऐकून लोक हसतात. हसू द्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

घर हवं होतं दोघांसाठी: ते स्वतः आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. काकांची बायको लवकर गेली, अक्काने लग्नच केलं नाही, आणि मग भावाबहिणीनेच एकमेकांचं म्हातारपण वाटून घेतलं. अक्का चौऱ्याहत्तरची. खुब्याचं हाड एकदा मोडून जुळलेलं. तीन पायऱ्या चढायची आणि चौथीवर बसून राहायची. ते राहत होते ती इमारत आता पाडायची होती. जुना मालक गेला आणि त्याच्या मुलाने जिन्यात नोटीस चिकटवली: दोन महिने. तळमजला, तीनच्या आत पायऱ्या, आणि न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं, एवढीच दोघांची मागणी. दाराची अट काकांची. आत उघडणारं दार असलं की आत पडलेला माणूस दारालाच अडतो आणि बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. अक्का अशीच पडली होती. काकांनी ते दार स्वतःच्या हाताने फोडलं होतं, आतून ती "सावकाश रे, माझ्या अंगावर पडेल" म्हणत असताना.

आता हे चावीकाका कोण, ते सांगायला हवं. ते जुन्या वळणाचे घरांचे एजंट. दुकान नाही, पाटी नाही. कमरेला चाव्यांचा जुडगा आणि खिशात लांबट वही. माणूस कोपऱ्यावर दिसायच्या आधी त्याच्या चाव्या ऐकू यायच्या, म्हणून हे नाव. त्यांचं धंद्यातलं भांडवल म्हणजे पाय आणि जीभ. घरमालकाचा पहिला नकार हा नकार नसतोच, असं त्यांचं ठाम मत होतं. पहिल्यांदा मालक नाही म्हणतो ते सवयीने. दुसऱ्यांदा म्हणतो ते कालच्या नाहीला जागायचं म्हणून. तिसऱ्यांदा तो चहा विचारतो. म्हणून काका तीन वेळा जात. घरमालकांचे उंबरे झिजले ते भाडेकरूंनी नाही, काकांनी झिजवले.

पण गिऱ्हाइकाला यातलं काही कळू द्यायचं नाही, हा दुसरा नियम. मालकाने "म्हातारी माणसं नकोत बुवा" किंवा "एकट्या बाईला नाही देत आम्ही" म्हटलं, तर काका फोनवर गिऱ्हाइकाला एवढंच सांगत, "पाहिलं मी ते घर. तुमच्या सोयीचं नाही. दुसरं बघू." मग दोन चकरा मारून मालक वळला, की त्याच गिऱ्हाइकाला सांगत, "परत पाहिलं. आहे सोयीचं. माझीच चूक झाली." स्वतःकडे चूक घ्यायची, पण माणसाचा पाणउतारा होऊ द्यायचा नाही. अक्का शेजारच्या खोलीत शिवणकाम करता करता हे सगळं तीस वर्षं ऐकत आली.

वहीचं मात्र वेगळं होतं. वहीत खरं लिहायचं. घराचा पत्ता, पायऱ्या, ऊन कुठून येतं, आणि मालकाने कुणाला नाही म्हटलं त्याची लाल फुली. फुलीपुढे एक-दोन शब्द: म्हातारे, तान्हं मूल, एकटी बाई. पुढच्या फेरीत काय बोलायचं याची ती आठवण. मालक मानला की काका चावी देऊन मोकळे होत आणि पुढच्या कामाला लागत. फुली खोडायला वेळ कुणाला? झालेल्या कामाची नोंद कोण ठेवतो! तर असं होत होत त्या वह्यांमध्ये मालकांचे सगळे नकार जमले आणि होकार एकही नाही.

एकच उदाहरण सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. टायपिंगच्या बाई म्हणून एक होत्या. घरच्या पुढच्या खोलीत टायपिंगचे वर्ग घेत आणि मागच्या दोन खोल्या भाड्याने देत. काकांनी त्यांच्याकडे एका निवृत्त पोस्टमनला नेलं. बाई दारातूनच म्हणाल्या, "म्हातारा माणूस नको. काही झालं तर मी एकटी कुठे धावू?" काकांनी फुली मारली. तिसऱ्या खेपेला बाईंनी चहा विचारला. पोस्टमन तिथे अकरा वर्षं राहिला. शेवटी शेवटी बाईच त्याला चमच्याने औषध पाजत. वहीतली फुली जिथल्या तिथे.

मग कंपनी आली. भाड्याची घरं फोनवर दाखवणारी. काकांचा फोन हळूहळू वाजेनासा झाला. लोक बोटाने घरं सरकवू लागले, आणि तीस वर्षांचा धंदा दोन वर्षांत बसला. काका शिव्या द्यायला मोकळे होते आणि त्यांनी दिल्याही, पण एक दिवस त्याच कंपनीतून बोलावणं आलं.

शोधाच्या विभागाची प्रमुख तीस-बत्तिशीची मुलगी होती. सगळे तिला मॅडम म्हणत, म्हणून काकाही म्हणत. तिने पडद्यावर एक घर दाखवलं. "काका, लोक घर शोधतात, आवडतं, बघायला जातात आणि तोंड वाकडं करून परत येतात. आमचं काय चुकतंय?"

काकांनी पाच मिनिटं पाहिलं आणि सुरू झाले. "इथे लिफ्ट आहे लिहिलंय. आहे ना. पण लिफ्टपर्यंत जायला सात पायऱ्या आहेत. त्या कोण लिहिणार? आणि हे घर हवेशीर म्हणताय, खिडकी उघडते कुठे? शेजारच्याच्या मोरीवर. तुम्ही खोल्या मोजता मॅडम, माणूस राहतो कसा ते मोजत नाही."

मॅडम खुर्ची पुढे ओढून लिहायला लागल्या. काकांना नोकरी लागली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवून.

ते दिवस चांगले होते, ते नाकारून चालणार नाही. काका घरोघर फिरत, पायऱ्या मोजत, दारं उघडून बघत, सकाळचं ऊन कुठल्या फरशीपर्यंत येतं ते लिहीत. त्यांच्या सांगण्यावरून शोधात नवे रकाने आले: रस्त्यापासून पायऱ्या किती, न्हाणीघराचं दार कुठे उघडतं, ऊन किती वाजेपर्यंत. जुन्या ओळखीच्या मालकांना त्यांनीच कंपनीशी करार करायला लावले. "तुम्ही सांगताय म्हणजे चांगलंच असणार," म्हणत मालकांनी सह्या केल्या. दारांना आकड्यांची कुलपं बसली. काका एकेक चावी परत देत गेले आणि कमरेचा जुडगा रिकामा झाला. अक्का म्हणाली, "आता तू आलेला कळत नाहीस रे मला." काका हसले. पगार वेळेवर येत होता.

आणि मग ती बैठक झाली. मॅडमनी आकडे दाखवले. घर पाहायला गेलेल्या दर दहा जणांतल्या तिघांना मालक दारातच नाही म्हणत होते. लोक चिडून वाईट शेरे लिहीत होते. "हे दारातले नकार कमी झाले पाहिजेत," मॅडम म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडलं. उघडायला नको होतं.

"मॅडम, जिथे नाहीच म्हणणार हे ठाऊक आहे, तिथे माणसाला पाठवायचंच कशाला? तोंडावर दार लावून घेतलेलं माणूस विसरत नाही हो. लाज जाते."

"पण ठाऊक कसं होणार? असलं काही मालक अर्जात लिहून देत नाहीत."

"मला ठाऊक आहे," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातली वही काढून टेबलावर ठेवली. "अशा घरी अजून एकवीस आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांत काकांसाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मालकांनी नाही, गिऱ्हाइकांनी नाही. त्या दिवशी ते घरी गेले ते दोन बोटं उंच होऊनच. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पुढचा आठवडाभर काका वहीतून वाचत आणि मॅडम स्वतः संगणकात भरत. तिसऱ्या वहीवर मॅडमचा हात थांबला. त्यांनी अगदी सरळ विचारलं. त्या मुलीला दोष देता येत नाही.

"काका, या फुल्या कायमच्या ना? म्हणजे एकदा नाही म्हणाले की नाहीच?"

खरं उत्तर लांबलचक होतं. सांगायला हवं होतं की फुली म्हणजे नुसती पहिली खेप. फुलीच्या मागे आणखी दोन खेपा असतात, दारातला चहा असतो, पोस्टमनला चमच्याने औषध पाजणाऱ्या बाई असतात. पण हे सांगितलं, तर वह्यांची किंमत काय राहिली? त्या दोन खेपा मारणार कोण? कंपनीकडे पायच नव्हते. आणि कानात टाळ्या होत्या.

"तसंच समजा," काका म्हणाले.

मॅडमनी तसंच समजलं.

महिन्याभरात दारातले नकार जवळजवळ संपले. संपणारच. ज्यांना नकार मिळायचा त्यांना आता ती घरं दिसतच नव्हती. राहणाऱ्यांची वयं भरा, कोण कोण राहणार ते भरा, की शोध गुपचूप चाळणी लावायचा आणि उरलेली घरं "तुमच्याशी जुळणारी" म्हणून समोर ठेवायचा. कुणाचा अपमान नाही, कुणाला पत्ता नाही. मॅडमनी सगळ्यांदेखत काकांना कंपनीचं चित्र असलेला कप दिला. नंतर दोन महिन्यांनी केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "काका, तुमचं सगळं ज्ञान आता सिस्टिममध्ये आलंय." काकांना ते कौतुक वाटलं. निरोप होता हे त्यांना जिन्यात कळलं. गरज सरो, वैद्य मरो. कप मात्र चांगला होता, अक्का त्यात बटणं ठेवायची.

तर नोटीस लागली ती याच्यानंतर दीड वर्षाने. काकांनी फोन काढला. दुसरं काय करणार? भाड्याचं जवळजवळ प्रत्येक घर आता त्या एकाच कंपनीकडे होतं, आणि त्यातली निम्मी काकांनीच नेऊन दिलेली. तळमजला. पायऱ्या तीनच्या आत. न्हाणीघराचं दार बाहेर. सगळे रकाने आपलेच, म्हणून बोट ऐटीत फिरत होतं. राहणारे दोन. वय अडुसष्ट आणि चौऱ्याहत्तर.

"तुमच्याशी जुळणारी घरं: ०."

काकांनी दाराची अट काढली. शून्य. पायऱ्या पाचपर्यंत नेल्या. शून्य. भाडं वाढवलं. शून्य. अक्का पलीकडून म्हणाली, "सापडलं का रे?" काका म्हणाले, "नेट जरा हळू आहे."

मग त्यांनी वयं बदलली. अडतीस आणि चौतीस. सव्वीस घरं. सव्वीसच्या सव्वीस ओळखीची. खोटं वय भरून पुढे जाता येत नव्हतं, कारण पुढच्या पायरीला ओळखपत्र लागतं. ती पायरीही काकांनीच सुचवलेली, पण ते जाऊ दे. पहिलं घर टायपिंगच्या बाईंचं. खाली काकांचेच शब्द: "रस्त्यापासून दोन पायऱ्या. न्हाणीघराचं दार बाहेर उघडतं. स्वयंपाकघरात दहा वाजेपर्यंत ऊन, ओट्याच्या डाव्या कडेला."

"टायपिंगच्या बाईंचं घर बघून येतो," असं अक्काला सांगून काका चपला घालून निघाले. पाय होते अजून.

बाईंनी दार उघडलं आणि ओळखलंच नाही क्षणभर. "चाव्या वाजल्या नाहीत, म्हणून कळेना कोण," म्हणाल्या. त्याही आता सत्तरीच्या पुढे. पुढच्या खोलीतली टायपिंगची यंत्रं गेली होती, टेबलांच्या पायांचे डाग तेवढे फरशीवर. काकांनी सगळं सांगितलं. तीन खेपांचा माणूस, एका दमात बोलून मोकळा झाला. बाईंनी मध्ये अडवलं.

"अहो, एवढं काय सांगताय? या की राहायला. मला सोबतच होईल. अक्कांना शिवण येतं ना? माझे पडदे कधीचे शिवायचे पडलेत."

पहिल्या खेपेला होकार! आख्ख्या आयुष्यात काकांना असा होकार मिळाला नव्हता. ते खुर्चीवर बसले.

"पण बाई, तुमचं घर आम्हाला दिसत नाही. तुम्हाला म्हातारे चालत नाहीत असं आहे त्यात."

"मला? मी कधी म्हटलं असं?"

"पोस्टमनच्या वेळी. दारात."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अहो, त्याला तर मी अकरा वर्षं..."

मग त्यांनी स्वतःचा फोन आणला. दोघांनी नाकावर चष्मे चढवून सगळे रकाने शोधले. भाडं होतं, रंग होता, पंखे किती होते. म्हातारे नकोत असा रकाना मालकाला दिसतच नव्हता. बाहेरून थेट कुणाला घर द्यायचं नाही, असं करारात होतं. तीन वर्षांचा करार, आणि सही करताना काका शेजारीच बसलेले. बाई म्हणाल्या, "मोडते करार. काय करतील?" काय करतील ते करारात लिहिलेलं होतं. तेवढी रक्कम बाईंनी एकत्र कधी पाहिली नव्हती.

काकांनी मॅडमना फोन लावला. मॅडमनी उचलला, हेही कौतुकच.

"काका! कसे आहात?"

काकांनी सांगितलं.

"काका, एका घरासाठी नाही हो बदलता येत. आणि आता ते कुणी हाताने भरत नाही. तुमच्या वह्यांवरून सिस्टिम शिकली, आता ती नव्या घरांनाही आपणच ठरवते."

"पण बाई स्वतः हो म्हणतायत! इथे माझ्यासमोर बसल्यात. द्या का फोन त्यांच्याकडे?"

"आज हो म्हणतायत. मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, काका. फुल्या कायमच्या का म्हणून." मॅडमचा आवाज कठोर नव्हता, तेच वाईट. "तुम्ही म्हणालात, तसंच समजा."

काकांनी फोन खाली ठेवला. रागवायलाही कुणी उरलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेवढ्यात बाहेरच्या बाजूने मागच्या दाराचं कुलूप टिक टिक वाजलं आणि उघडलं. तिशीतलं जोडपं आत आलं, हातात फोन. कंपनीने घर बघायला पाठवलेलं. आकडे दाबायचे आणि आत यायचं, मालकाला विचारायची गरज आता उरली नव्हती. बाई उठल्या, पण काका आधी उठले. सवय. त्यांनी त्या दोघांना खोल्या दाखवल्या. न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं. स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, "इथे दहापर्यंत ऊन असतं. ओट्याच्या या डाव्या..."

"हो, डाव्या कडेला. लिहिलंय त्यात," ती मुलगी हसून म्हणाली. "तुम्ही मालक का?"

"नाही," काका म्हणाले. "मी असाच आलो होतो."

मुलाने तिथेच उभ्या उभ्या बोटाने घर घेऊन टाकलं. चार मिनिटं लागली. बाईंच्या फोनवर निरोप आला: अभिनंदन, तुमचं घर लागलं. बाईंनी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

काका चालत घरी आले. अक्काने अर्धं सामान बांधून ठेवलं होतं. खोक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून ती बसली होती, मांडीवर बटणांचा तो कप. कुठल्या खोक्यात घालावा ते तिला ठरवता येत नव्हतं.

"पाहिलंस घर?"

"पाहिलं."

"पायऱ्या?"

"दोन."

"मग?"

काका चपला काढत वाकले आणि वाकलेलेच राहिले. "आपल्या सोयीचं नाही गं ते. दुसरं बघू."

अक्काने कप खाली ठेवला. "तीस वर्षं ऐकत्येय मी हे त्या फोनवर. तू मला पण गिऱ्हाईक केलंस होय?" तिचा आवाज चढला नव्हता. "म्हातारी माणसं नकोत म्हणाल्या ना बाई? सांग की सरळ. मी काही रडणार नाही."

"बाई हो म्हणाल्या. पहिल्याच खेपेला."

अक्काला कळेना. ती भावाच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली.

"बाई हो म्हणाल्या, तर मग नाही कोण म्हणालं?"

काकांनी चपला भिंतीला नीट लावून ठेवल्या.

"मी," ते म्हणाले.